माज की ऋतुचक्र?

दादरकर :
दुग्धव्यवसायावरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'इस्ट्रस सायकल'ला, म्हणजे गाय ठरावीक दिवसांनी गाभण राहायला तयार होते त्या चक्राला, मी 'ऋतुचक्र' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'माजचक्र' केलं. मुंबईत 'लई माज आलाय का?' हे भांडणातलं वाक्य. छापलेलं बरं दिसेल?

परळचा विद्यार्थी :
ताई, बाईंचंच बरोबर. 1886 सालापासून इथे परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मी तिथेच शिकतो. पशुपालकाशी बोलताना आमच्या तोंडी 'माज'च असतो. 'ऋतू' म्हटलं की वाचकाला पाळी आठवते आणि तिथेच घोळ होतो. बाईचं चक्र रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गाईचं माजाच्या दिवसापासून. साधारण 21 दिवस, 18 ते 24 धरा. गाईला, त्यातही कालवडीला, रक्त दिसतं कधीकधी, पण माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांनी. म्हणजे भरवायची (वळू दाखवायची किंवा कृत्रिम रेतन करायची) वेळ टळलेली! 'ऋतू' वाचून कुणी रक्ताची वाट बघत बसला तर 21 दिवस वाया.

आतला कारभार असा: अंडाशयातलं पुटक, म्हणजे बीज असलेली छोटी पिशवी, वाढतं, त्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हॉर्मोन) पाझरतं आणि गाय माजावर येते. हंबरते, दुसरीवर उडते, दुसरी उडाली तर स्थिर उभी राहते. हे 12 ते 18 तास. माज संपल्यावर आणखी 10-12 तासांनी बीज सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो. त्याचं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक माज दाबून धरतं. गर्भ नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सुटतं, पीतपिंड विरतो, पुन्हा पहिल्यापासून.

गोरेगाव (मूळ सांगली) :
आमच्याकडचे शब्दही घ्या. माजावरच्या गाईचा काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव म्हणजे सोट, काही भागांत बळस. गाय 'फळली' म्हणजे गर्भ राहिला. भरवूनही तीन आठवड्यांनी परत माजावर आली तर 'उलटली'. 'रिपीट ब्रीडर'ला 'पुनरावृत्त प्रजनक' असलं काही लिहू नका, हात जोडतो. सरळ 'वारंवार उलटणारी गाय' लिहा.

दादरकर :
'उलटली' हा मस्त मिळाला. 'माज' या शब्दाचं मूळ काय? संप्रेरकांशी काही?

गिरगावचे काका :
नाही. संस्कृत 'माद्यति', प्राकृत 'मज्जइ', त्यातून माजणे. अद्यचं आज झालं, विद्युत्‌ची वीज झाली, तीच वाट. मूळ अर्थ मद चढणे. जनावराचा आणि भांडणातला माज सख्खे भाऊ. तिकडे ग्रीकांनी 'ऑइस्ट्रॉस' म्हणजे गोमाशी पकडली. ती डसल्यावर गुरं उधळतात, त्यावरून इस्ट्रस. 'हॉर्मोन' हा शब्द मात्र नवा, 1905 सालचा, इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने रूढ केलेला. ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे. आपला 'संप्रेरक' त्याला चपखल बसतो.

गोरेगाव (मूळ सांगली) :
संप्रेरक लिहिताना एक जपा. मुंबईत तबेला आणि हॉर्मोनचं इंजेक्शन म्हटलं की लोकांना ऑक्सिटोसिनच आठवतं. ते पान्हा सोडायला लावणारं, माजावर आणायचं नव्हे. पुस्तिकेत दोन्ही एकाच परिच्छेदात नकोत.

दादरकर :
वेगळे करते. शेवटचं: 'सायलेंट हीट'ला 'शांत माज' चालेल?

परळचा विद्यार्थी :
'मुका माज' म्हणा. आत बीज सुटतं, बाहेर लक्षण नाही. म्हशीत फार, उन्हाळ्यात तर जास्तच. म्हैस गाईसारखी दुसरीवर फारशी उडत नाही, माज बरेचदा रात्री किंवा पहाटे दाखवते. त्यामुळे 'पहाटे गोठ्यात फेरी मारावी' हे वाक्य त्याच पानावर टाका.