घरातील सांडपाणी सौरऊर्जेच्या साहाय्याने झाडांसाठी वापरता येईल का?

प्रश्न (दहिवडी, ता. माण, जि. सातारा)
आमच्या घरी ५ माणसे असून न्हाणीघर, धुणे आणि भांडी यांचे मिळून रोज सुमारे २०० लिटर पाणी शोषखड्ड्यात जाते. शौचालयाचे पाणी वेगळे आहे. माणसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि हे पाणी मात्र मुरवून टाकायचे, हे मनाला पटत नाही. ऊन भरपूर आहे, पण वीज वारंवार जाते. सौर ऊर्ध्वपातन करून (म्हणजे उन्हाने पाण्याची वाफ करून व ती पुन्हा थंड करून) किंवा उन्हातील अतिनील किरणांनी शुद्ध करून हे पाणी परसातील डाळिंब व शेवग्याला देता येईल का?

प्रतिसाद (सातारा)
पाणी अवश्य देता येईल, मात्र ऊर्ध्वपातनाचा विचार सोडावा. १ लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते, त्यामुळे १ चौरस मीटरच्या काचपेटीतून चांगल्या उन्हातही दिवसाला साधारण ३ ते ४ लिटर पाणीच मिळते. आपल्याला ५० चौरस मीटरहून अधिक काच अंथरावी लागेल. अतिनील किरणांनी जंतू मरतात हे खरे, पण पाणी नितळ असेल तरच. साबणाच्या गढूळ पाण्यात ते खोलवर पोहोचत नाहीत.

खरे शुद्धीकरण खडीच्या वाफ्यात जिवाणू करतात. भांड्यांचे पाणी प्रथम तेल आणि खरकटे अडवणाऱ्या छोट्या टाकीतून जाऊ द्यावे, मग सर्व पाणी ५ चौरस मीटरच्या, तळातून न गळणाऱ्या वाफ्यात सोडावे. वाफ्यात खडी भरून कर्दळ लावावी. पाण्याची खोली अर्धा मीटर आणि खडीतील पोकळी ४० टक्के धरली, तर त्यात १,००० लिटर पाणी मावते, म्हणजे ते सुमारे ५ दिवस आत राहते. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखालीच ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. वाफ्यात जाण्याआधी पाणी साठवून ठेवू नये. एका दिवसातच ते कुजून वास मारू लागते.

सौरऊर्जा लागेल ती वाफ्यातून बाहेर पडलेले पाणी उचलण्यासाठी. २०० लिटर पाणी ६ मीटर चढवण्यास, घट न धरता, जेमतेम सव्वातीन वॉट-तास ऊर्जा पुरते. पंपातील आणि नळातील घट धरूनही ५० वॉटचे पॅनेल व पॅनेलच्या विजेवर थेट चालणारा छोटा डीसी पंप पुरेसा आहे, आणि बॅटरीची गरज नाही.

प्रतिसाद (मिरज, जि. सांगली)
वरील मांडणीशी मी सहमत आहे, परंतु मला जमिनीची अधिक काळजी वाटते. आमच्या भागात क्षारपड (क्षार साचलेल्या) व चोपण (सोडियममुळे घट्ट झालेल्या) जमिनींनी किती नुकसान होते, हे आम्ही रोज पाहतो. कपड्यांच्या पावडरीतील सोडियम कोणताही वाफा काढू शकत नाही. ते वर्षानुवर्षे साचले की काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून धुण्याच्या सोड्याचा वापर टाळावा, एकाच झाडाला सतत हेच पाणी न देता आळीपाळीने द्यावे आणि पावसाचे पाणी आळ्यांत मुरू द्यावे. पालेभाज्यांवर ते शिंपडू नये. ठिबकच्या तोट्या तुंबतात, त्यामुळे आळ्यात पालापाचोळ्याखाली नळी सोडणे बरे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पावसाळ्यात झाडांना पाणी नको असेल तेव्हा काय करावे?

प्रतिसाद (सातारा)
वाफ्याच्या बाहेर पडणाऱ्या नळाला दोन दिशांचा व्हॉल्व्ह बसवावा आणि त्या दिवसांत पाणी शोषखड्ड्याकडे वळवावे. वाफा मात्र कोरडा पडू देऊ नये, नाहीतर आतील जिवाणू मरतील. शोषखड्डा बुजवू नका.