मापुतो करारामुळे आफ्रिकेतल्या बायकांना प्रत्यक्षात काय मिळालं?

निशिगंध
आफ्रिकन युनियननं, म्हणजे आफ्रिकी देशांच्या संघटनेनं, जुलै 2003 मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, स्त्रियांच्या हक्कांचा करार मंजूर केला. 2005 च्या नोव्हेंबरात तो लागू झाला आणि आज 40 हून जास्त देश त्याला बांधील आहेत. लग्नाचं किमान वय 18, मुलींच्या खतन्यावर बंदी, विधवेला वारसाहक्क, बलात्कारातून राहिलेला गर्भ पाडायची मुभा, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि ते नुसतं लिहून ठेवलेलं नाही. नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, पोलीस रात्री रस्त्यावरच्या बायकांना 'वेश्या' ठरवून उचलायचे. अभिनेत्री डोरोथी न्जेमान्झे आणि इतर काही जणी इकोवासच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघाच्या न्यायालयात गेल्या. 2017 मध्ये नायजेरिया सरकार हरलं आणि तिघींना प्रत्येकी 60 लाख नायरा भरपाई द्यायचा आदेश झाला. माझ्या मते असा करार हवाच.

वाळूचं घड्याळ
निशिगंधताई, मालीकडे बघा. 2009 मध्ये तिथल्या संसदेनं बायकांना बरोबरीचे हक्क देणारा कुटुंब कायदा मंजूर केला. राजधानी बामाकोत धार्मिक संघटनांनी प्रचंड सभा घेतल्या, राष्ट्राध्यक्षांनी कायदा परत पाठवला आणि 2011 मध्ये जो आला त्यात मुलींचं लग्नाचं वय 16. मापुतो करारावर मालीची सही होतीच की! 2018 मध्ये आफ्रिकन मानवी हक्क न्यायालयानं हा करारभंग ठरवला, 2 वर्षांत अहवाल मागितला. मुदत गेली, कायदा होता तसाच. निकाल चौकटीत घालून भिंतीवर लावायचा का?

कोर्टकज्जा
एवढ्यावरून करार निकामी कसा? काँगोच्या (किन्शासावाल्या) राज्यघटनेत करार देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ धरला जातो. 2018 मध्ये मापुतो करार तिथल्या राजपत्रात छापला आणि गर्भपाताला वाट मिळाली. जुना दंडविधान तोवर सरसकट बंदी घालत होता. सिएरा लिओनमध्ये गरोदर मुलींना शाळेत येऊ देत नव्हते. 2019 च्या डिसेंबरात इकोवास न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली, मार्च 2020 मध्ये सरकारनं उठवली.
आपल्याकडे 1997 च्या विशाखा निकालात (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या) सुप्रीम कोर्टानं 'सीडॉ' या स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा आधार घेतलाच ना? पण आशियात आपल्याला वरचं असं प्रादेशिक न्यायालयच नाही.

वाळूचं घड्याळ
ते वरचं न्यायालय उघडं आहे का ते विचारा. सामान्य बाईनं किंवा संस्थेनं आफ्रिकन न्यायालयात थेट जायचं तर तिच्या सरकारनं वेगळं घोषणापत्र दिलेलं असावं लागतं. रवांडानं ते 2016 मध्ये मागे घेतलं, टांझानियानं 2019 मध्ये (न्यायालय टांझानियातच आहे, अरुशाला!), बेनिन आणि आयव्हरी कोस्टनं 2020 मध्ये. जानेवारी 2025 मध्ये माली, नायजर, बुर्किना फासो इकोवासमधूनच बाहेर पडले. नायजरची हादिजातू मणी 12 व्या वर्षी विकली गेली होती. 2008 मध्ये ती इकोवास न्यायालयात सरकारविरुद्ध जिंकली. आज तिच्यासारखीला ते दार बंद आहे.

निशिगंध
म्हणजे न्यायालयाचा धाक आहे. उगाच कोण पळून जातं?

वाळूचं घड्याळ
धाक आहे, पण बायकांच्या खटल्यांचा नाही. रवांडा निघाला तो एका विरोधी पक्षनेत्रीच्या राजकीय खटल्यावरून, माली, नायजर, बुर्किना फासो हे तिघे लष्करी उठावानंतर लागलेल्या निर्बंधांवरून. बायकांचा रस्ता जाता जाता बंद झाला, कुणी विचारही केला नाही. मला तर हे जास्त वाईट वाटतं.

गावकूस
तुम्ही सगळे न्यायालयातच अडकलात. गांबियात 2015 पासून खतन्यावर बंदी आहे. 2024 मध्ये ती उठवायचं विधेयक आलं. खतना झालेल्या बायका खासदारांपुढे बोलल्या, जुलैत विधेयक पडलं. मापुतो करार तिथंही होता, पण विधेयक पाडलं ते या बायकांनी.

कोर्टकज्जा
गावकूस, अर्धंच सहमत. बंदीचा कायदा मुळात नसता तर वाचवायला काय उरलं असतं? आणि देशाच्या संसदेत बहुमत फिरलं की पुढच्या खेपेला याच बायका काय दाखवणार? करारातलं खतनाबंदीचं कलम 5 च ना?

गावकूस
मालीच्या बायकांनीही करारच दाखवला होता, कायदा होता तसाच राहिला.