बीडला 26 लाखांमागं एक खासदार, केरळात 17 लाखांमागं. हे कसं?

धारूरकर
आमचा बीड लोकसभा मतदारसंघ म्हणजे अख्खा जिल्हा, गेवराईपासून परळीपर्यंत. 2011 ला जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, खासदार एक. केरळात 3 कोटी 34 लाख लोक आणि 20 खासदार. घटनेच्या कलम 81 मध्ये तर लोकसंख्येच्या प्रमाणात जागा म्हटलंय. मी बारावीला शिकवतो, पोरं विचारायलेत. आणि पुढं मराठवाड्याच्या 8 जागांचं काय होईल?

लातूरवाला
राज्यांचा वाटा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवलाय, सर. 1976 ची 42वी घटनादुरुस्ती. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत हा हेतू. नंतर 84व्या दुरुस्तीनं ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. 543 जागा तशाच ठेवून 2011 च्या आकड्यांवर वाटून बघा: केरळ 20 चं 15, उत्तर प्रदेश 80 चं 90 च्या घरात, महाराष्ट्र 48 चं फार तर 50. दक्षिणेच्या लोकांना धास्ती वाटते ती उगीच नाही.

निवृत्त गुरुजी
राज्याला किती, हा वाद दिल्लीत होईल. मला काळजी राज्याच्या आतल्या वाटपाची आहे. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या 66 जागांच्या 62 झाल्या आणि ठाणे-पुण्याकडं वाढल्या. माणसं गेली तिकडं जागा गेल्या.

आता आपल्याकडचं बघा. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. मी प्रगणक होतो. तांड्यावर ओळीनं कुलपं, एखाद्या ओट्यावर म्हातारी आणि तिच्यापाशी ठेवलेली दोन नातवंडं. बाकी सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या आसपासच उचल (आगाऊ मजुरी) घेऊन ऊसतोडीवर गेलेले. नियम असा होता की गणतीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याला जिथं असेल तिथं मोजायचं. म्हणजे मी त्या म्हातारीला तिच्या लेकासुनेची नावं विचारून लिहू शकत नव्हतो. मतदार यादीत ते आमच्या गावचे, लोकसंख्येत सांगली-कोल्हापूरचे. तेही तिथल्या प्रगणकानं उसाच्या फडाजवळच्या कोप्यांपर्यंत (मजुरांच्या झोपड्यांपर्यंत) जायचे कष्ट घेतले असतील तर.

धारूरकर
गुरुजी, मग कर्नाटकात तोडीला गेलेला माणूस कर्नाटकाच्या लोकसंख्येत?

निवृत्त गुरुजी
होय. आणि हाच आकडा पुढं जागा ठरवताना धरतात. एकट्या माणसानं फरक पडत नाही, पण आपल्याकडं एकेका तालुक्यातून गावंच्या गावं जातात.

परभणीकर
आमच्याकडून पुण्याला कंपन्यांत गेलेली पोरं वेगळीच. ती तिथंच राहतात, तिथं मोजली तर चुकीचं म्हणता येत नाही.

निवृत्त गुरुजी
बरोबर, त्यांचं वेगळं. ऊसतोड कामगार उन्हाळ्यात परत येतो, रेशनकार्ड इथं, पोरांची शाळा इथं. 2027 च्या जनगणनेचा संदर्भ दिनांकही 1 मार्चच ठरलाय, तेव्हाही हंगाम चालूच असेल. धारूरकर सर, हंगामी स्थलांतरितांना मूळ गावी धरा, असा ठराव ग्रामसभेत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी द्या. ते होईल न होईल, पण मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांकडून कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे याची यादी करून तिथल्या तहसीलला कळवाच. निदान एकही कोपी मोजायची राहू नये. टोळ्या निघायच्या आधी हे व्हायला पाहिजे.