प्लासिबो आणि समानुभूती या विषयात संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

नवी_वाट

वैद्यकीय पदवी झाली आहे आणि पुढे संशोधनाकडे वळायचं ठरवलं आहे. विषय पक्का आहे: प्लासिबो, म्हणजे आत औषध नसलेला पण औषधासारखाच दिला जाणारा उपचार, आणि डॉक्टरच्या बोलण्या-वागण्याचा रुग्णाच्या बरं होण्यावर होणारा परिणाम. पण वाचायला बसलं की एका लेखात मेंदूतली रसायनं, दुसऱ्यात प्रश्नावल्या, तिसऱ्यात नीतिशास्त्र. पहिली दोन-तीन वर्षं कशावर खर्च करावीत? समानुभूती, म्हणजे रुग्णाच्या जागी जाऊन त्याचं दुखणं समजून घेणं, मोजतात तरी कशी? आणि रुग्णाशी खोटं न बोलता प्लासिबोचा अभ्यास करता येतो का?

तिसरा_गट

आधी एक वजाबाकी शिकून घ्या. प्लासिबो घेतलेल्या गटात दिसणारी सगळी सुधारणा प्लासिबोमुळे झालेली नसते. बरेचसे आजार आपसूक उतरतात. माणूस दुखणं अगदी वाढलेलं असतानाच चाचणीत नाव देतो, त्यामुळे पुढचं मोजमाप सरासरीकडे घसरणारच. शिवाय विचारणाऱ्याचं मन राखायला ‘जरा बरं आहे’ असंही लोक सांगतात. हे सगळं वजा जाता उरतो तो प्लासिबोचा परिणाम, आणि वजा करायला औषधाच्या आणि प्लासिबोच्या गटांशिवाय तिसरा गट लागतो. त्या गटाला काहीच द्यायचं नाही, पण मोजमाप मात्र बाकीच्यांसारखंच, त्याच वेळापत्रकाने.

हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो असं मांडलं. त्यात ही वजाबाकी नव्हती, तरी तो आकडा वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिला. २००१ मध्ये ह्रोबियार्टसन आणि गॉट्शे यांनी ‘प्लासिबो’ आणि ‘काहीच नाही’ असे दोन्ही गट असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या. वेदनेसारख्या, रुग्णाने स्वतः सांगायच्या गोष्टींत थोडा परिणाम टिकला. वस्तुनिष्ठ मोजमापांत तो ठळकपणे दिसला नाही.

या क्षेत्रात येणाऱ्याने २०११ चा दम्यावरचा अभ्यास मुळातून वाचावा असं मला फार वाटतं. औषधाचा इनहेलर, प्लासिबो इनहेलर, खोटं ॲक्युपंक्चर (सुया टोचल्याचा नुसता भास) आणि काहीच नाही, अशा चार अवस्थांतून तेच रुग्ण गेले. एका सेकंदात जोराने सोडलेल्या श्वासाचं माप औषधाने सुमारे २० टक्के सुधारलं, बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्के. पण ‘किती बरं वाटलं’ या प्रश्नाचं उत्तर औषधाला ५० टक्के, दोन्ही प्लासिबोंना ४५ आणि ४६, आणि काहीच न देता २१. म्हणजे वाटणं खरंच बदललं, फुप्फुस बदललं नाही. दम्यात नुसत्या वाटण्यावर विसंबलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक चाचणीत रुग्णाने सांगितलेलं एक माप आणि यंत्राने घेतलेलं एक माप ठेवाच.

प्रश्नावली

समानुभूतीचं सांगतो. पहिली अडचण शब्दाचीच आहे. ‘सहानुभूती’ म्हटलं की मराठी कानाला कीव ऐकू येते, आणि ‘समानुभूती’ हा शब्द बऱ्याच रुग्णांनी ऐकलेला नसतो. त्यामुळे प्रश्नावलीत हा शब्दच टाळा आणि वागणं विचारा: तुमचं बोलणं पूर्ण होऊ दिलं का, काळजी समजून घेतली का, पुढे काय करायचं ते तुमच्याशी बोलून ठरवलं का. भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट भाषांतरित करावं. मग आठ-दहा रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून ‘यातून काय विचारलंय असं वाटतं?’ असं मोठ्याने सांगायला लावा. चुका या शेवटच्या पायरीवर सापडतात, आणि नेमकी तीच पायरी गाळली जाते.

रूढ साधनं दोन. ‘केअर’ मापनात १० प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण, आणि ते रुग्ण भरतो. ‘जेफरसन’ मापनात २० विधानं, प्रत्येकी १ ते ७, आणि ते डॉक्टर स्वतःबद्दल भरतो. ही दोन्ही एकच वस्तू मोजत नाहीत, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवू नका. ‘केअर’चे गुण बहुधा वरच्या टोकाला दाटतात आणि चांगल्या-वाईटात फरक उरत नाही. प्रश्नावली डॉक्टरच्या टेबलावर भरून घेतली की हे आणखी वाढतं. ती खोलीबाहेर, बंद पाकिटात, उपचारांशी संबंध नसलेल्या माणसाने गोळा करावी.

२०११ मध्ये होजात आणि सहकाऱ्यांनी २९ डॉक्टरांचे ८९१ मधुमेही रुग्ण पाहिले. ‘जेफरसन’मध्ये जास्त गुण असलेल्या डॉक्टरांकडे ५६ टक्के रुग्णांची साखर आटोक्यात होती, कमी गुणांच्या डॉक्टरांकडे ४० टक्के. आकडे बोलके आहेत, पण हा नुसता संबंध झाला. कारण सिद्ध करायचं तर डॉक्टरचं वागणंच चिठ्ठी टाकून वाटून द्यावं लागतं.

ते प्लासिबोचे संशोधक कॅप्चुक यांच्या गटाने २००८ मध्ये केलं. आतड्याच्या क्षोभाचे (आयबीएस) २६२ रुग्ण, तीन गट: नुसते प्रतीक्षेत, खोटं ॲक्युपंक्चर पण संवाद पाच मिनिटांपेक्षा कमी, आणि तेच खोटं ॲक्युपंक्चर पण पहिल्या भेटीत ४५ मिनिटांचा आपुलकीचा संवाद. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला तो अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्क्यांना. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती संवादाची संहिता. रुग्णाचेच शब्द परत म्हणणं, न कळलेलं पुन्हा विचारणं, नाडी पाहताना २० सेकंद विचारपूर्वक शांत राहणं, उपचाराबद्दल विश्वास व्यक्त करणं. ‘प्रेमाने वागा’ ही सूचना दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी पाळता येत नाही, वीस सेकंद शांत राहणं येतं.

संख्याशास्त्र_मदत

वरचाच ४४ विरुद्ध ६२ टक्के हा फरक पकडायचा असेल तर ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात सुमारे ११७ माणसं लागतात. १५ टक्के गळती धरली तर १३८. वेदनेच्या गुणांसारख्या सतत मापासाठी ०.३ प्रमाणित फरक (म्हणजे प्रमाण विचलनाच्या ०.३ पट) शोधायचा तर गटागणिक सुमारे १७५. नवखे लोक ३०-४० घेतात, काही सापडत नाही, आणि ‘परिणाम नाही’ असं लिहितात. ते चूक आहे.

दुसरं, एकाच डॉक्टरचे रुग्ण एकमेकांसारखे असतात. रुग्णांऐवजी डॉक्टर वाटून देत असाल, प्रत्येकाचे २० रुग्ण आणि गटांतर्गत सहसंबंध (एकाच डॉक्टरचे रुग्ण एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत त्याचं माप) ०.०५ असेल, तर आकडा १.९५ ने गुणावा लागतो. रुग्ण जवळपास दुप्पट! आणि तोच डॉक्टर दोन्ही गटांत काम करत असेल तर आपुलकीची सवय दुसऱ्या गटात झिरपते. म्हणून भेटी ध्वनिमुद्रित करा आणि गट माहीत नसलेल्या माणसाकडून काही भेटींना गुण देऊन घ्या.

गोळीत काय भरलंय तेही लिहा. लॅक्टोज न पचणाऱ्याला लॅक्टोजची गोळी दिली तर पोटाच्या तक्रारीवरच्या चाचणीत तिला निष्क्रिय म्हणता येणार नाही.

नवी_वाट

वजाबाकीचं अगदी स्पष्ट झालं, आभार. खोटं न बोलण्याबद्दल कुणी सांगेल का?

तिसरा_गट

खोटं न बोलताही होतं, आणि त्याला खुला प्लासिबो म्हणतात. २०१० चा अभ्यास: आतड्याच्या क्षोभाचेच ८० रुग्ण, तीन आठवडे. गोळीत औषध नाही हे आधीच सांगितलेलं. पुरेसा आराम ५९ टक्क्यांना, गोळी न घेणाऱ्यांत ३५. सांगण्याचे मुद्दे चार होते: प्लासिबोचा परिणाम मोठा असू शकतो, शरीर सवयीने आपोआप प्रतिसाद देतं, श्रद्धा असली तर बरं पण नसली तरी चालेल, आणि गोळ्या नेमाने घेणं महत्त्वाचं. याची दुबळी बाजूही ओळखून ठेवा. कोण कुठल्या गटात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि गोळी न मिळालेल्यांची निराशा आकडे खाली ओढू शकते. त्यांना चाचणी संपल्यावर तोच उपचार देण्याचं आधीच कबूल करा.

उलटी बाजू, म्हणजे त्रास होईल या अपेक्षेनेच त्रास होणं, हीही या विषयातच येते. २०२० च्या सॅमसन चाचणीत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) त्रासामुळे सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरात चार महिने स्टॅटिन, चार महिने प्लासिबो आणि चार महिने रिकामी बाटली दिली. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग प्लासिबोच्या महिन्यांतही आला. दुष्परिणाम कसे सांगावेत हा संशोधनाचा मोठा आणि उपयोगी प्रश्न आहे. लपवायचे नाहीत, पण मांडणी बदलून पाहता येते.

प्रश्नावली

वाटेबद्दल. दार एकच नाही. या क्षेत्रातले संशोधकच पाहा: कॅप्चुक चिनी वैद्यक शिकून आले, बेनेदेत्ती मज्जाशरीरशास्त्रातून, जेरेमी हाविक तत्त्वज्ञानातल्या पीएचडीतून. तुम्ही पहिलं वर्ष एका पद्धतशीर आढाव्याला, म्हणजे आधी झालेल्या चाचण्या ठरलेल्या नियमांनी शोधून तपासायला द्या. आराखडा आधी नोंदवा, दोघांनी स्वतंत्रपणे लेख निवडा, आणि प्रत्येक चाचणीत तिसरा गट होता का याचा वेगळा रकाना ठेवा. त्याच वर्षी आर ही संगणकभाषा आणि बहुस्तरीय प्रतिमानं (एकाच डॉक्टरचे रुग्ण एकमेकांसारखे असतात हे हिशेबात धरणारी) शिका. दुसऱ्या वर्षी ३०-४० जणांची पथदर्शी, म्हणजे मोठ्या चाचणीआधीची छोटी चाचणी करा, पण परिणाम किती आहे हे तिला विचारू नका. माणसं किती दिवसांत मिळतात, संहिता पाळली जाते का, ‘काहीच नाही’ गटातले किती सोडून जातात, एवढंच तिच्याकडून काढून घ्या.