क्लासमध्ये 10 मिनिटं मेडिटेशन करून पोरांचं टेन्शन खरंच जातं का?

गंगापूररोडकर:
मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी चालू. पहाटे 5 ला उठते, 6 चा क्लास, मग कॉलेज, दुपारी परत क्लास, रात्री 9 ला घरी, जेवण झालं की उद्याच्या टेस्टचा अभ्यास, झोप जेमतेम साडेपाच तास. दोन महिन्यांपासून टेस्टच्या आदल्या रात्री तिला उलट्या होतात. क्लासवाल्यांना भेटलो तर म्हणाले, आम्ही रोज 10 मिनिटं मेडिटेशन सुरू केलंय, सायन्सने सिद्ध झालंय, काळजी करू नका. ते मेडिटेशन पावणेसहाला, म्हणजे तेवढी झोप अजून कमी झाली.
म्हणून मी स्वतः वाचायला घेतलं. ब्रिटनमध्ये मायरियाड नावाचा मोठा अभ्यास झालाय, 85 शाळा, 11 ते 13 वयाची 8 हजारांवर मुलं, काही शाळांत ट्रेनिंग घेतलेल्या शिक्षकांनी माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, चालू क्षणाकडे लक्ष देण्याचं ध्यान शिकवलं, बाकीच्यांत नेहमीचेच तास. 2022 ला निकाल आला, मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्तीचा फायदा काही दिसला नाही, बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. माझं मत स्पष्ट आहे, वेळापत्रक तसंच ठेवून वरून ध्यान लावणं म्हणजे मूळ दुखणं सोडून देणं.

घोटीवाला:
दादा, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण ध्यानावर राग काढू नका. मी इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना ध्यानाचं 10 दिवसांचं शिबिर केलंय, त्याआधी वर्षभर रात्री छातीत धडधड व्हायची, आता दोन्ही वेळ बसतो आणि फरक मला रोज जाणवतो. आणि नुसता माझा अनुभव नाही, अमेरिकेत चिंतेचा आजार असलेल्या 276 मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, निम्म्यांना 8 आठवडे माइंडफुलनेसचा कोर्स, निम्म्यांना एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी, दोघांना जवळपास सारखाच गुण आला. हेही 2022 चंच आहे. तुम्ही एकच अभ्यास धरून बसलात.

नाशिकरोडची_समुपदेशक:
घोटीवाला, अभ्यास खरा आहे, पण त्यातली माणसं काय करत होती ते बघा ना. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज 45 मिनिटं, आणि ती स्वतःहून उपचारासाठी आलेली मोठी माणसं. पेंगलेल्या पोरांना सक्तीने 10 मिनिटं डोळे मिटायला लावणं अन ते, दोन्ही एकच कसं म्हणायचं? 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सरकारने 2024 ला चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नका सांगितलं ते झोपेसाठीच ना, मग अकरावीच्या पोरांना झोप नको का?
दादा, उलट्या दोन महिने चालू आहेत तर आधी डॉक्टरला दाखवा, थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात.

सिडकोचे_काका:
मला नाही पटत हे. मी अंबडला तीन शिफ्टमध्ये काम करून शिकलो, टेन्शन होतं म्हणून तर अभ्यास झाला. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्येच दाखवलंय की थोडा ताण असेल तर काम चांगलं होतं. पोरांना एवढं जपाल तर पुढे कसं होणार.

गंगापूररोडकर:
काका, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण तो प्रयोग उंदरांवरचा, विजेचे झटके देऊन केलेला, आणि त्यातच असंही निघालं की काम जितकं अवघड तितका कमी झटका बरा. फिजिक्स काय सोपं काम आहे का?

निफाडचा_बागाईतदार:
मी बोलू का जरा. तामिळनाडूत 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी अन नंतर बुद्धीची चाचणी घेतली होती, 2013 ला छापून आलं, तीच माणसं तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना कमी पडली, हातात पैसा आल्यावर बरी चालली. मला ते वाचून लगेच पटलं, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की मला साधा हिशोबसुद्धा दोनदा करावा लागतो. तेव्हा मी दहा मिनिटं बांधावर शांत बसतो अन मला बरं वाटतं, कारण पाऊस काय माझ्या हातात नाही. क्लासचं टाइमटेबल तर माणसानंच केलंय ना दादा, ते बदलायला काय हरकत आहे.

गंगापूररोडकर:
आम्ही नऊ पालक शनिवारी क्लासवाल्यांकडे जातोय, 6 ची बॅच साडेसातला करा म्हणून. अजून कोण येतंय?

पंचवटीची_आई:
मी सही करणार नाही, माफ करा. साडेसातला केलं तर माझ्या मुलाचं 8 चं कॉलेज बुडतं, हजेरी भरली नाही तर बोर्डाच्या फॉर्मला अडवतात. झोपेचं म्हणणं पटतंय, पण त्यासाठी रात्रीची बॅच 9 ऐवजी 7 ला सोडायला सांगा, त्याला मी स्वतः येते.

गंगापूररोडकर:
ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. दोन्ही मागण्या लिहून नेतो, शनिवारी 11 ला या.