बडोद्यात बुद्धिबळाची कोणती स्पर्धा कोणासाठी? मुलगी नवशिकी, भाचा १४७०, सासरे ओट्यावरचे खेळाडू

दांडियाबाजारची_सून
नमस्कार मंडळी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमच्या घरात बुद्धिबळाचं वेड शिरलंय, आता तिघांना स्पर्धा खेळायच्यात. मुलगी ९ वर्षांची, क्लास लावलाय, किल्लेकोट वगैरे सगळं येतं पण घाईत वजीर फुकट देऊन बसते. भाचा कॉलेजात, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, १४७०. आणि सासरे सत्तरीचे, आयुष्यभर ओट्यावर खेळलेत, घड्याळ लावून कधीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सारखी ब्रोशर येतात, ओपन, बिलो १६००, रॅपिड, अंडर इलेव्हन, डोकं चालत नाही. तिघांना एकाच स्पर्धेत घातलं तर चालेल का? एकच रविवार जाईल.

हत्ती_कोपऱ्यात
ताई, रविवार वाचेल पण तिघंही वैतागून घरी येतील 😀
ब्रोशरवर बक्षिसाचा आकडा मोठ्ठा छापलेला असतो तो बघूच नका, कोण खेळायला येतं ते बघा. चेस-रिझल्ट्स साइटवर त्याच आयोजकाची मागची स्पर्धा शोधा, सगळी यादी रेटिंगसकट मिळते. आता ओपनमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या स्पर्धेत, काय होतं तर स्विस पद्धत असते, कोणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे समोरासमोर येतात, समजा २०० जण आले तर पहिल्या फेरीत १ नंबर १०१ शी, २ नंबर १०२ शी असं लावतात, बिनरेटिंगवाले यादीच्या तळाला, म्हणजे तुमच्या मुलीसमोर पहिल्याच फेरीला कोणीतरी बऱ्यापैकी तयार माणूस येणार. हरत हरत ती खाली येते आणि मग तिच्या तोडीचे भेटतात. ९ फेऱ्या असतील तर ठीक, पण ५ फेऱ्यांच्या एका दिवसाच्या स्पर्धेत तोडीचा कोणी भेटेपर्यंत बक्षीस समारंभाच्या खुर्च्या लागतात. तिला वयोगटाचीच स्पर्धा द्या. शाळेतून खेल महाकुंभचा (गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धा) फॉर्म भरा, त्यात चेस आहे.

एन्डगेम_बडोदा
भाच्याबद्दल बोलतो. बिलो १६०० ला, म्हणजे १६०० च्या आतल्यांच्या स्पर्धेला, सगळे उड्या मारतात कारण बक्षीस मिळेल असं वाटतं, पण हिशोब बघा. १ मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची हद्द १००० वरून १४०० केली, त्याखाली गेला की तुम्ही परत अनरेटेड. म्हणजे बिलो १६०० मध्ये रेटिंगवाले फक्त १४०० ते १६०० मधले, बाकी सगळी अनरेटेड पोरं, आणि त्यातली काही वाघ असतात, फक्त अजून कागदावर रेटिंग नाही. रेटिंगवाला अनरेटेडशी खेळला तर तो डाव त्याच्या रेटिंगमध्ये धरतच नाहीत, जिंकला तरी शून्य हरला तरी शून्य. ८ फेऱ्यांत ५ अनरेटेड आले तर सगळा वीकएंड घालवून ३ डावांचंच रेटिंग हलणार. त्याला वाढवायचं असेल तर ओपन क्लासिकल (लांब वेळेचे डाव) खेळवा, हरेल पण डाव मोजले जातील. बक्षिसाची हौस असेल तर बिलो १६००, दोन्ही एकदम नाही मिळत.

हत्ती_कोपऱ्यात
^ पूर्ण पटत नाही. १४७० वाल्याने ओपनमध्ये वरच्यांकडून मार खाल्ला की ७० पॉइंट जायला वेळ लागत नाही आणि मग तोच अनरेटेड. आधी बिलो १६०० मध्ये जरा उशी तयार करू दे.

एन्डगेम_बडोदा
७० असे जात नाहीत हो. १९०० वाल्याशी हरला तर अपेक्षाच कमी असते, के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० धरला तरी साधारण ३ पॉइंट जातात. स्वतःएवढ्याशी हरला की २० जातात. उशी बिलो १६०० मध्येच फाटते.

कारेलीबाग_मम्मी
ताई, मीही याच रांगेतली, बाहेर बसणारी 🙏 रेटेड स्पर्धेसाठी ऑल इंडिया चेस फेडरेशनचं रजिस्ट्रेशन आधी करून ठेवा, दर वर्षी करावं लागतं, शेवटच्या दिवशी धावपळ नको. मुलीला आधी रॅपिड (कमी वेळेचे डाव) द्या असं मी म्हणेन, त्यात चाली लिहायच्या नसतात. क्लासिकलला प्रत्येक चाल लिहावी लागते, आणि प्रत्येकाला ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंदवाला डाव चार तास चालू शकतो, नऊ वर्षांचं पोर तेवढं बसत नाही. स्मार्ट घड्याळ घरीच काढा, फोन खिशात सापडला तर डाव जातो. आणि नवरात्रात एन्ट्री भरूच नका, रात्री गरबा अन् सकाळी ९ ला पहिली फेरी, बघितलंय मी काय होतं ते. उत्तरायणाला तर अख्खं गाव गच्चीवर. दिवाळीची सुट्टी बेस्ट. दोन फेऱ्यांच्या मधे सेव-उसळ नको, झोप येते 😅

जुना_उंट
सासऱ्यांचं कोणी बोललंच नाही. ओट्यावरचे नियम कुठले आहेत ते आधी विचारा. आपल्याकडच्या देशी खेळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं नसतात, आणि शेवटच्या घरात पोचलं की बरेचदा त्या घराचाच मोहरा मिळतो, वजीर नाही. ते डोक्यात पक्कं बसलेलं असलं तर समोरच्या पोराने प्यादं दोन घरं ढकललं की पंचांना हाक मारतील. दुसरं म्हणजे हात लागला की तेच मोहरं खेळायचं, परत ठेवता येत नाही, आणि घड्याळ चाल केलेल्या हातानेच दाबायचं. घरी महिनाभर घड्याळ लावून नातीशी खेळवा, दोघांचंही काम होईल. मग एखादी बिनरेटिंगची एक दिवसाची रॅपिड, ज्यात बेस्ट व्हेटरन बक्षीस असेल ती. आपल्या वयाचे दोन-चार भेटतात तिथे, तेच खरं.

दांडियाबाजारची_सून
बापरे किती माहिती. सासऱ्यांना विचारलं, म्हणाले प्यादं दोन घरं ही इंग्रजांची लबाडी 😂 घड्याळ मागवलंय. भाचा ओपनला तयार आहे. मुलीचं एक सांगा, ऑगस्टमध्ये ९ पूर्ण झाले, मग अंडर नाइन गेलं ना हातचं?

कारेलीबाग_मम्मी
नाही गेलं. वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला धरतात. १ जानेवारीला ती ८ चीच होती, तर हे डिसेंबरपर्यंत अंडर नाइन चालेल, पुढच्या वर्षीपासून इलेव्हन. जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर ठेवा.