मदत हवी आहे : पिट्सबर्गमध्ये पाच तासांत काय पाहावे?

वाटसरू
नमस्कार. परवा पिट्सबर्गमध्ये मला पाच तास मोकळे मिळणार आहेत आणि तेवढ्या वेळात काय पाहायचे, हे आजच ठरवायचे आहे. जिथे शोधावे तिथे पंचवीस-तीस ठिकाणांच्या याद्या मिळतात, पण त्यांतले कोणते ठिकाण कोणाच्या जवळ आहे, हे एकही यादी सांगत नाही. गाडी भाड्याने घेणार नाही. ज्यांनी शहर स्वतः पाहिले आहे, त्यांनी कृपया लवकर लिहावे.

ओकलंडवासी
पाच तास कुठून कुठपर्यंत? विमानतळ शहराच्या पश्चिमेला जवळजवळ तीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे आपण तिथे उतरणार की शहरातच आहात, यावर सगळे अवलंबून आहे. सामान बरोबर आहे का, आणि किती जण आहात?
माझ्या मते कोणीही आधी ओकलंड भागात यावे. पिट्सबर्ग विद्यापीठाची ४२ मजली 'कॅथीड्रल ऑफ लर्निंग' ही इमारत तिथे आहे आणि तिच्यात निरनिराळ्या देशांच्या शैलीत सजवलेल्या ३१ खोल्या आहेत. त्यांतली भारतीय खोली नालंदेच्या विहारासारखी विटांची असून ती २००० साली खुली झाली. मी तिथे शिकत असताना परीक्षेच्या आधी त्या खोलीत जाऊन बसत असे. शेजारीच कार्नेगी संग्रहालयात डायनोसॉरचे सांगाडे आहेत.

मैत्रेयी
पिट्सबर्गला जाऊन पेन हिल्सच्या श्री वेंकटेश्वराचे दर्शन न घेता परत येऊ नका. सत्तरच्या दशकात उभे राहिलेले हे मंदिर अमेरिकेतल्या पारंपरिक शैलीच्या सर्वांत जुन्या मंदिरांपैकी एक आहे. आम्ही न्यू जर्सीत असताना वर्षातून एकदा रात्रभर गाडी चालवून तिथे जात असू. सकाळच्या थंडीत टेकडीवरचे पांढरे गोपुर दिसले की मुले आपोआप जागी होत.

रेवाकाठ
मैत्रेयीताई, मंदिर सुंदर आहे, पण ते शहराच्या पूर्वेला आहे आणि विमानतळ पश्चिमेला. दुपारनंतर स्क्विरल हिलच्या बोगद्यापाशी वाहनांची रांग लागते. ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याला विमान पकडायचे आहे, त्याला हा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

मैत्रेयी
त्यांना विमान पकडायचे आहे, असे त्यांनी कुठे लिहिले आहे?

स्थापत्यप्रेमी
फ्रँक लॉईड राईट यांनी धबधब्यावर बांधलेले 'फॉलिंगवॉटर' हे घर जरूर पाहा. काँक्रीटचे सज्जे पाण्यावर असे तरंगत ठेवण्याचे धाडस १९३०च्या दशकात दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल. आत जाण्यासाठी आधी आरक्षण करावे लागते.

रेवाकाठ
ते शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे.

वाटसरू
माझ्याकडून माहिती अपुरी राहिली, क्षमस्व. मी शहरातच, नदीकाठच्या अधिवेशन केंद्राजवळ उतरलो आहे. मंगळवारी बारा वाजता माझे काम संपेल, आणि रात्रीच्या विमानासाठी पाच वाजता शहरातून निघावे लागेल. सामान हॉटेलात ठेवता येईल.
एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. माझी आई बरोबर आहे. ती ६९ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मी दिवसभर बैठकांत असल्यामुळे तीन दिवस ती खोलीतच बसून आहे आणि त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या वाहनतळाची भिंत तेवढी दिसते. तक्रारीचा एक शब्दही तिने काढलेला नाही, त्यामुळे मला अधिकच वाईट वाटते. तिला हे शहर एकदा नीट पाहता यावे, एवढेच मला हवे आहे.

कऱ्हाडकर
हे आधी कळले असते तर कालच उत्तर दिले असते. मंगळवारी कार्नेगी आणि वॉरहोल ही दोन्ही संग्रहालये बंद असतात, तेव्हा ती यादीतून काढा.
आईंना माउंट वॉशिंग्टनवर न्या. हॉटेलजवळच्या स्टील प्लाझा स्थानकातून 'टी' म्हणजे इथली लहान रेल्वे घ्या आणि नदी ओलांडून स्टेशन स्क्वेअरला उतरा. तिथून थोडेसे चालले की मोनोंगहेला इनक्लाईनचे खालचे स्थानक येते. आपल्या वणीला सप्तशृंगी गडावर जशी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तसेच हे रुळांवरून दोराने ओढले जाणारे डबे आहेत. फरक एवढाच की हे १८७० पासून चालू आहेत. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या डोंगरावरच्या वस्तीला खाली कामावर येण्यासाठी अशा अनेक गाड्या पूर्वी होत्या, त्यांतल्या आता दोनच उरल्या आहेत.
वर ग्रँडव्ह्यू रस्त्यावर डोंगराच्या कडेबाहेर काढलेले गोल सज्जे आहेत. तिथून मोनोंगहेला आणि ॲलेगनी या दोन नद्या मिळून ओहायो कशी होते, ते एका नजरेत दिसते. मी कऱ्हाडचा, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर लहानाचा मोठा झालो, म्हणून ही जागा मला विशेष जवळची वाटते.

ओकलंडवासी
'टी' शहरात फुकट आहे, हे सांगायचे राहिले.

कऱ्हाडकर
फुकट फर्स्ट अव्हेन्यू स्थानकापर्यंतच. स्टेशन स्क्वेअर नदीपलीकडे असल्यामुळे तिकीट लागते. ही माहिती अर्धवट दिल्याने माणसे अडचणीत येतात.

ओकलंडवासी
मान्य. मात्र डुकेन इनक्लाईन अधिक चांगली, असे माझे मत आहे. ती १८७७ची आहे, डबे जुन्या लाकडी कामाचे आहेत, आणि १९६२ साली ती बंद पडल्यावर रहिवाशांनीच पैसे जमवून पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केली. वरून संगमही अधिक समोर दिसतो.

कऱ्हाडकर
दृश्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. पण तिच्या खालच्या स्थानकाकडे पायी जाणे सोयीचे नाही. रस्ता रहदारीचा आहे आणि आईंचे गुडघे दुखतात. वर गेल्यावर दोन्ही स्थानकांमध्ये दीड किलोमीटरचे अंतर आहे. टॅक्सीने तेवढे जाता आले तर उत्तम, नाहीतर पहिल्याच सज्जावर बसावे.

मैत्रेयी
वर बसायला बाके आहेत का, ते आधी सांगा. या वयात उभे राहून देखावा पाहणे कठीण जाते. बरोबर पाणी आणि काहीतरी खायचे असू द्या.

रेवाकाठ
बाके आहेत, पण वारा असतो, शाल घ्या. वेळ उरला तर खाली पॉईंट स्टेट पार्कमध्ये संगमाच्या टोकाशी जा. १७६४चे ब्लॉक हाऊस, म्हणजे जुनी लहानशी लष्करी इमारत, तिथेच आहे. कारंजे मात्र थंडीत बंद असते.

वाटसरू (बुधवार)
सर्वांचे मनापासून आभार. मोनोंगहेलाच्या डब्यात आईला खिडकीजवळची जागा मिळाली. डबा हलताच तिने माझा हात घट्ट धरला आणि अर्ध्या वाटेत, खाली उतरणारा दुसरा डबा शेजारून गेला तेव्हा, सोडला. वर सज्जावर तिने पूल मोजायला सुरुवात केली आणि नऊ झाल्यावर एका नदीचे पाणी हिरवट आणि दुसरीचे मातकट का, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. डुकेनकडे आणि पार्कात गेलो नाही, कारण ती तिथून उठायलाच तयार नव्हती. आम्ही दोन तास तिथेच बसलो आणि शेवटी विमानासाठी मला तिला उठवावे लागले.
कऱ्हाडकर, पाण्याच्या रंगाचे कारण आपल्याला माहीत असेल तर कृपया लिहावे. तिने आज सकाळी पुन्हा विचारले.